नॅसकॉम कशी उभी राहिली, कशी वाढली, आणि बारा जणांच्या कंपनीला त्यातून काय मिळतं

प्रश्न असा होता की पुण्यात १२ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे, सध्या जीएसटीचा रिफंड अडकलाय, सगळे सांगतात नॅसकॉमची मेंबरशिप घ्या, पण ही संघटना नेमकी करते काय, ती एवढी मोठी कशी झाली, आणि आपल्यासारख्या छोट्या माणसाने त्यात पैसे घालावेत का. मी १९९३ पासून पुण्यात हाच धंदा करतोय, मधली बरीच वर्षं संघटनेच्या मीटिंगांना, कमिट्यांना जाऊन बसलोय, त्यामुळे जरा लांबून सुरुवात करतो. मेंबरशिपचं उत्तर इतिहासातच आहे, तो सोडून नुसतं हो किंवा नाही सांगितलं तर तुमच्या काही उपयोगाचं नाही.

आधी १९८० च्या दशकातलं चित्र डोळ्यासमोर आणा. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांची संघटना होती, मेट (एमएआयटी), १९८२ ची. सॉफ्टवेअरवाले तिच्यातच एका कोपऱ्यात होते कारण सॉफ्टवेअर हा वेगळा धंदा आहे असं कुणाला वाटतच नव्हतं, मशीनसोबत फुकट मिळायची वस्तू अशीच समजूत. आता गंमत बघा, म्हणजे अडचण बघा. हार्डवेअर बनवणाऱ्याला काय हवं होतं, तर परदेशी कॉम्प्युटरवर जबर आयात ड्युटी, म्हणजे त्याचं मशीन खपेल. आणि सॉफ्टवेअरवाल्याला काय हवं होतं, तर तेच परदेशी मशीन स्वस्तात, कारण अमेरिकेतल्या गिऱ्हाईकाकडे जे मशीन आहे त्याच्यावरच प्रोग्राम लिहायचाय. एकाच संघटनेत बसलेल्या दोघांच्या मागण्या एकमेकांच्या बरोब्बर उलट, मग दिल्लीत निवेदन कुठलं जाणार? जो मोठा त्याचं. हार्डवेअरवाले मोठे होते.

त्यातून १९८८ साली सॉफ्टवेअरवाले बाहेर पडले आणि नॅशनल असोसिएशन ऑफ सॉफ्टवेअर अँड सर्व्हिस कंपनीज, म्हणजेच नॅसकॉम, स्थापन झाली. सुरुवातीला ३८ मेंबर. हरीश मेहता, अशांक देसाई, के. व्ही. रामाणी, सौरभ श्रीवास्तव, नंदन निलेकणी, विजय श्रीरंगन ही त्या पहिल्या फळीतली नावं, पहिले चेअरमन प्रेम शिवदासानी. यातली बरीच मंडळी मुंबईची, आणि त्याला कारण आहे. अंधेरीचं सीप्झ, म्हणजे निर्यातीसाठीचा खास औद्योगिक पट्टा, १९७३ पासून उभं होतं, टीसीएसने बरोज या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीसोबतचं काम १९७४ च्या सुमाराला सुरू केलं होतं, पटणी, मास्टेक सगळे आसपासच. म्हणजे बंगळुरूचं नाव नंतर झालं, पण सॉफ्टवेअर निर्यातीचं पहिलं घर मुंबईच, हे आपल्या पोरांना सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

ही ३८ माणसं एकमेकांचे कट्टर स्पर्धक होती हे विसरू नका. सकाळी एकाच बँकेच्या टेंडरला एकमेकांच्या विरुद्ध भाव भरायचे, एकमेकांची माणसं पळवायची, आणि संध्याकाळी एका टेबलावर बसून सरकारकडे काय मागायचं ते ठरवायचं. हे जमलं याचं मुख्य कारण म्हणजे तेव्हा वाटून घ्यायला काही नव्हतंच. अख्ख्या देशाची सॉफ्टवेअर निर्यात इतकी किरकोळ होती की कुणी कुणाचा घास घेतोय असं वाटायचं कारण नव्हतं, आधी बाजार तर उभा करू, मग भांडू.

संघटनेने पहिल्या दहा वर्षांत काय मिळवलं हे नुसती यादी वाचून कळत नाही, ते आम्ही जगलोय म्हणून सांगतो. त्या काळी परदेशातून एखादा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर, मागवला तर त्याच्यावरही भरमसाट ड्युटी. म्हणजे धंद्याचं हत्यारच महाग. आणि बाहेर माल पाठवायचा तर टेपवर किंवा फ्लॉपीवर भरून कस्टमकडे न्यायचा, तिथला अधिकारी विचारणार याची किंमत काय, आम्ही सांगणार अमुक हजार डॉलर, तो म्हणणार फ्लॉपी तर शंभर रुपयाची आहे. त्याचंही चूक नव्हतं, कायद्यात वस्तूची किंमत होती, वस्तूच्या आत लिहिलेल्याची किंमत कशी धरायची हे कुणी ठरवलंच नव्हतं.

इथे सरकारात बसलेल्या एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं, एन. विट्टल. १९९० ते ९३ ते इलेक्ट्रॉनिक्स खात्याचे सचिव होते. त्यांच्या काळात सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली, पहिली तीन पार्कं बंगळुरू, पुणे आणि भुवनेश्वर, मग १९९१ मध्ये या सगळ्याची मिळून एसटीपीआय (सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया) ही सरकारी संस्था झाली. पार्क म्हणजे नुसती बिल्डिंग नाही हे लक्षात घ्या. खरी वस्तू होती सॅटेलाइटची लाइन, ६४ केबीपीएस, आजच्या मोबाइलवर एक फोटो सुद्धा रडत रडत उतरेल एवढी, पण ती लाइन मिळाली आणि काम टेपवरून तारेवर आलं. आणि दुसरी वस्तू म्हणजे सॉफ्टेक्स फॉर्म. तारेवरून गेलेला माल कस्टमला दिसतच नाही, मग निर्यात झाली हे प्रमाणित कोण करणार, तर एसटीपीआय, त्या फॉर्मवर. एक साधा फॉर्म, पण त्याच्यामुळे आमच्या धंद्याला कायद्याच्या नजरेत अस्तित्व आलं. मी स्वतः असे कितीतरी फॉर्म भरलेत, आणि पहिला फॉर्म शिक्का मारून परत आला तेव्हा तो घरी नेऊन वडिलांना दाखवला होता.

निर्यातीच्या नफ्यावर इन्कम टॅक्सची सूट हा दुसरा मोठा विषय. पार्कातल्या युनिटांना १०-अ कलमाखाली ती मिळाली, दर वेळी संपायला आली की संघटना दिल्लीत हजर, असं करत करत ती ३१ मार्च २०११ पर्यंत टिकली. यावर टीकाही झाली आणि ती मला पूर्ण चुकीची वाटत नाही, एवढ्या नफ्यातल्या मोठ्या कंपन्यांना इतकी वर्षं सूट कशाला हा प्रश्न रास्तच होता. पण २०-२५ माणसांच्या कंपनीला त्याच सुटीमुळे पुढच्या वर्षीची मशीनं घेता आली, हेही तेवढंच खरं.

आता देवांग मेहता. १९९१ मध्ये हा माणूस संघटनेचा पूर्णवेळ प्रमुख म्हणून आला. चार्टर्ड अकाउंटंट, वय तिशीच्याही आत. नॅसकॉमचं नाव सामान्य माणसाच्या तोंडी बसलं ते याच्यामुळे. दिल्लीतल्या प्रत्येक खात्यात, प्रत्येक पक्षाच्या नेत्याकडे हा जाणार, पत्रकारांना आकडे देणार, राज्याराज्यात मुख्यमंत्र्यांना भेटणार. रोटी, कपडा, मकान आणि बँडविड्थ ही त्याची घोषणा तेव्हा सगळीकडे ऐकू यायची. पायरसीच्या विरोधात त्याने जी मोहीम काढली ती तर बऱ्याच जणांना तेव्हा उलटी वाटली, कारण चोरीचं सॉफ्टवेअर वापरणारे आपलेच लोक. पण त्याचा मुद्दा सरळ होता, आपण जगाला सॉफ्टवेअर विकायला निघालो आणि आपल्याच ऑफिसात कॉपी मारलेली सीडी, तर अमेरिकेतला गिऱ्हाईक आपल्यावर त्याचा सोर्स कोड कशाला सोपवेल? कॉपीराइट कायद्याची १९९४ ची दुरुस्ती त्याच काळातली, ती ९५ मध्ये लागू झाली आणि कामासाठी जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला कमीत कमी ७ दिवसांची कैद कायद्यात आली.

पण माझ्या मते या सगळ्यापेक्षा मोठं काम दुसरंच होतं आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मोजणी. संघटनेने दरवर्षी मेंबरांकडून आकडे गोळा केले, निर्यात किती, माणसं किती, कुठल्या देशात किती, किती काम तिकडे जाऊन केलं आणि किती इथे बसून. सरकारकडे हे आकडे धड नव्हते. ज्या धंद्याचा आकडा नाही तो धंदा बजेटमध्ये नसतो, बँकेच्या फॉर्मवर नसतो, लग्नाच्या बाजारात सुद्धा नसतो. मी ९६ मध्ये एका सरकारी बँकेत सीसी लिमिट, म्हणजे धंद्यासाठी खेळतं कर्ज, मागायला गेलो होतो, मॅनेजर चांगला माणूस होता पण त्याचा प्रश्न एकच, हायपोथिकेशनला म्हणजे तारणाला काय देणार, गोडाऊन कुठे आहे, स्टॉक स्टेटमेंट कशाचं देणार? आमच्याकडे स्टॉक म्हणजे माणसांच्या डोक्यात. दुसऱ्या खेपेला मी संघटनेचा वार्षिक अहवाल फाइलला लावून नेला, त्यात गेल्या वर्षांची वाढ, देशवार निर्यात सगळं छापील होतं. त्याने तो वरच्या ऑफिसला पाठवला आणि लिमिट मंजूर झालं, मागितलं होतं त्याच्या निम्मं, पण झालं. एक छापील आकडा काय करू शकतो हे मी त्या दिवशी शिकलो.

आकड्यांचा हाच खेळ पुढे १९९९ च्या मॅकिन्से या सल्लागार कंपनीसोबतच्या अहवालात खूप मोठा झाला. २००८ पर्यंत ५० अब्ज डॉलरची निर्यात होईल असं त्यात लिहिलं होतं. तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं. प्रत्यक्षात २००७-०८ ला निर्यात ४० अब्जांच्या आसपास आली, म्हणजे अंदाज चुकलाच, पण त्या आकड्याने कॉलेजं निघाली, राज्यांनी जमिनी दिल्या, हिंजवडीसारखी पार्कं भरत गेली. आकडा भाकीत म्हणून चुकला आणि आमंत्रण म्हणून लागू पडला. याची दुसरी बाजूही आहे, त्या आकड्यांच्या जोरावर निघालेल्या कितीतरी कॉलेजांतून पोरं डिग्री घेऊन बाहेर पडली आणि त्यांना काम मिळालं नाही, ते ओझं त्या घरांनीच वाहिलं.

१९९८ ला वाजपेयी सरकारने आयटीसाठी राष्ट्रीय टास्क फोर्स नेमली, देवांग मेहता तिच्यावर होते. त्या शिफारशींची १०८ कलमी यादी निघाली. ९९ ला वेगळं आयटी मंत्रालयच आलं आणि मंत्री झाले आपले प्रमोद महाजन, २००० मध्ये आयटी कायदा. वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताना जुन्या प्रोग्रामांतल्या तारखा दुरुस्त करायच्या कामाने त्याच काळात पैसा आला, भारतीय इंजिनिअर वेळेत काम देतो ही ओळख आली. आणि हे सगळं ऐन भरात असताना १२ एप्रिल २००१ ला सिडनीच्या हॉटेलात देवांग मेहता झोपेतच गेले, वय ३८. त्या दिवशी आमच्या ऑफिसात काम थांबलं होतं. आमच्यापैकी बहुतेकांनी त्यांना एखाद्या कार्यक्रमात लांबूनच पाहिलेलं, तरी घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं.

त्यांच्यानंतर किरण कर्णिक आले, इस्रोमध्ये काम केलेले, डिस्कव्हरी चॅनेलचं भारतातलं काम सांभाळलेले, स्वभावाने अगदी शांत. आणि काळही तसाच माणूस मागत होता. डॉटकॉमचा फुगा फुटलेला, मग अमेरिकेत आउटसोर्सिंगच्या विरोधात ओरडा, २००४ च्या त्यांच्या निवडणुकीत तर तो प्रचाराचाच विषय. कर्णिकांनी तिथे भांडण लावलं नाही, तिथल्या कंपन्यांनाच बोलतं केलं की यात आमचाही फायदा आहे. इकडे २००५ मध्ये पुण्यातल्याच एका बीपीओतल्या मुलांनी परदेशी खातेदारांचे पैसे काढल्याचं प्रकरण झालं, जगभर बातम्या. संघटनेने ते झाकलं नाही. शेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या एनएसडीएलसोबत नॅशनल स्किल्स रजिस्ट्री २००६ मध्ये सुरू झाली, कर्मचाऱ्याची ओळख आणि आधीची नोकरी तपासता यावी म्हणून, आणि २००८ मध्ये डेटा सुरक्षेसाठी डीएससीआय (डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडिया) ही वेगळी संस्था. आपल्या घरातली चूक आपणच आधी मान्य करायची, हा मला या संघटनेचा सगळ्यात चांगला काळ वाटतो.

आणि मग सत्यम. ७ जानेवारी २००९. हैदराबादच्या या मोठ्या आयटी कंपनीचे प्रमुख रामलिंग राजू यांनी हिशेब खोटे असल्याचं कबूल केलं, आणि हे राजू काही वर्षांपूर्वी नॅसकॉमचेच चेअरमन होते, म्हणजे जखम अगदी छातीत. त्या वेळी चेअरमन होते पुण्याचे गणेश नटराजन आणि प्रेसिडेंट सोम मित्तल, त्यांना रोज उठून जगाला सांगायचं होतं की एक घर पडलं म्हणजे गाव पडलं नाही. सरकारने जे नवं बोर्ड नेमलं त्यात दीपक पारेखांसोबत किरण कर्णिकही होते, पुढे तेच त्या बोर्डाचे प्रमुख झाले. तीन महिन्यात, एप्रिलमध्ये, टेक महिंद्राने ती कंपनी घेतली. हजारो लोकांच्या नोकऱ्या टिकल्या, गिऱ्हाईकं बरीचशी राहिली. पडद्यामागे स्पर्धक कंपन्यांनी तेव्हा एकमेकांना सांभाळून घेतलं हे मी जवळून ऐकलंय.

इथपर्यंत वाढ दिसते. आता भेगेबद्दल बोलू, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. २०१३ मध्ये प्रॉडक्ट, म्हणजे स्वतःचं तयार सॉफ्टवेअर, बनवून विकणाऱ्या काही मंडळींनी वेगळी चूल मांडली, आयस्पिरिट. त्यांचं म्हणणं काय होतं? इथे गिऱ्हाईकाच्या सांगण्यावरून काम करून देणाऱ्या सर्व्हिस कंपन्या मोठ्या, परदेशी कंपन्या मोठ्या, प्रॉडक्टवाल्याचं निवेदन मागे पडतं. वाचून ओळखीचं वाटलं ना? १९८८ ला सॉफ्टवेअरवाले मेटबद्दल जे म्हणत होते तेच, शब्द सुद्धा जवळपास तेच. मी कुणाला दोष देत नाही. संघटना वाढली की तिच्या पोटात एकमेकांच्या विरुद्ध हिताचे लोक येणारच. बहुराष्ट्रीय कंपनीला पेटंटचा कायदा कडक हवा, पाच पोरांच्या स्टार्टअपला तो सैल हवा. आज तर परदेशी कंपन्यांची स्वतःची भारतातली सेंटरं, ज्यांना जीसीसी म्हणतात, १७०० च्या वर आहेत आणि ती आपल्याच गिऱ्हाईकाची, आपलंच काम आपल्याच माणसांना जास्त पगार देऊन आत ओढतात. तीही त्याच संघटनेत आहेत. तरी एक मान्य करायला हवं, त्याच २०१३ मध्ये नॅसकॉमने १० हजार स्टार्टअप्सचा कार्यक्रम काढला, प्रत्येक प्रकारच्या कंपन्यांसाठी वेगळी सेक्टर कौन्सिलं केली, म्हणजे टीका ऐकून घेतली.

आणखी एक, ही मालकांची संघटना आहे, कर्मचाऱ्यांची नाही. ले-ऑफ, नोटीस पिरियड, पगार अडवणं या तक्रारी घेऊन तिथे गेलात तर तो दरवाजाच चुकीचा, त्यासाठी आपल्या पुण्यातलीच नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे. २०२४ मध्ये कर्नाटकने खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षणाचं विधेयक आणलं तेव्हा नॅसकॉमने जोरात विरोध केला आणि ते थांबलं, त्यात मालकांचं हित आहे हे उघड आहे आणि तसंच ते वाचायला हवं.

आता आकडा बघा. ३८ मेंबरवरून आज ३००० च्या वर. उद्योग २०२४-२५ ला २८३ अब्ज डॉलर, माणसं ५८ लाखाच्या घरात. हे आकडे पण त्यांचेच, आणि अजूनही सगळे तेच वापरतात.

तर १२ जणांनी काय करायचं? मेंबरशिप फी तुमच्या उलाढालीच्या स्लॅबवर असते, त्यामुळे छोट्याला ती परवडते, पण नुसती फी भरून लोगो वेबसाइटवर लावायचा असेल तर नका भरू, लोगो बघून काम देणारा गिऱ्हाईक मी ३० वर्षांत पाहिला नाही. मुंबईत फेब्रुवारीत होणाऱ्या मोठ्या कार्यक्रमात गिऱ्हाईक मिळेल अशीही आशा ठेवू नका, तिथे सगळे विकणारेच असतात. छोट्याला खरा उपयोग होतो तो नियमांच्या कामात. एक उदाहरण देतो. ओएसपी म्हणून टेलिकॉम खात्याचे नियम होते, कॉल सेंटरसारखं काम करणाऱ्याला रजिस्ट्रेशन, बँक गॅरंटी, घरून काम करायचं तर अटींचा डोंगर. संघटना वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागली होती, कागद जात होते, उत्तर येत नव्हतं. मार्च २०२० ला लॉकडाऊन आला आणि काही दिवसांत सूट मिळाली, नोव्हेंबर २०२० ला ते नियम जवळपास मोडीतच निघाले. लोक म्हणतात कोविडमुळे झालं. हो, पण मसुदा तयार होता म्हणून इतक्या लवकर झालं. आणि त्या मसुद्यात कुठल्या अटीमुळे नेमका किती खर्च होतो हे छोट्या कंपन्यांनी लिहून दिलं होतं, मोठ्यांकडे त्यासाठी वकील असतात, त्यांना ती अट टोचतच नाही.

म्हणून माझा सल्ला असा, पहिलं वर्ष पुण्यातल्याच संघटनांत जा, सीप म्हणजे सॉफ्टवेअर एक्स्पोर्टर्स असोसिएशन ऑफ पुणे आहे, मराठा चेंबर तर १९३४ पासून आहे. तिथे तुमच्याच आकाराचे लोक भेटतील, वकील कोणता, सीए कोणता, सॉफ्टेक्स अडकला तर कुणाला भेटायचं हे तिथे कळतं. दुसऱ्या वर्षी नॅसकॉमची सगळ्यात खालच्या स्लॅबची मेंबरशिप घ्या आणि एकच काम करा, सरकारच्या एखाद्या मसुद्यावर ते मेंबरांकडून मतं मागवतात तेव्हा उत्तर पाठवा. दोन पानं पुरे. कुठलं कलम, आम्हाला त्याने महिन्याला किती रुपये आणि किती दिवस जातात, त्याऐवजी काय चालेल. विशेषणं नकोत, आकडे हवेत. मी पाठवलेल्या अशा कागदांपैकी बहुतेकांचं काही झालं नाही, पण दोन वेळा माझी वाक्यं जशीच्या तशी निवेदनात गेलेली मी वाचली आहेत. तुमच्याकडे आत्ता जीएसटी रिफंड अडकलाय असं तुम्ही लिहिलंय, तर तिथूनच सुरू करा, किती महिने झाले, किती रक्कम, कुठला कागद परत परत मागतात, हे आज रात्री एका पानावर लिहून ठेवा.